ड्रोनने सोलर पॅनेल धुणं: पाणी नेता येईल, घासणार कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझ्याकडे फवारणीचा ड्रोन आहे, टाकी १६ लिटरची. नोझल बदलून त्याने सोलर पॅनेल धुता येतील का? एक मेगावॅटच्या प्लँटला किती बॅटऱ्या लागतील? आणि पंख्यांच्या वाऱ्याने काचा फुटण्याची भीती आहे का?"

बॅटरीचा आणि काचेचा, दोन्ही हिशेब पुढे मांडतो. पण मी सोलर प्लँटच्या देखभालीत काम करतो, टाकीवाला आणि पाइपवाला असे दोन्ही ड्रोन पॅनेलवर उडवून पाहिले आहेत, आणि त्यावरून आधी एक सांगायला हवं. तुम्ही विचारलेल्या दोन्ही गोष्टींत खरी अडचण नाही. काचेवरचा चिवट मळ नुसत्या पाण्याने जात नाही, तो घासल्याने जातो. पाणी मळ सैल करतं आणि सुटलेला मळ वाहून नेतं. घासायचं तर काचेवर दाब द्यावा लागतो आणि दाब द्यायला मागे भक्कम टेकू लागतो. माणूस पाय रोवून उभा राहतो, पॅनेल साफ करणाऱ्या रोबोची चाकं पॅनेलच्या फ्रेमवर टेकलेली असतात. ड्रोन मात्र हवेवर तरंगतोय. पाणी, बॅटरी, सेन्सर हे सगळे प्रश्न शेवटी याच अडचणीपाशी येऊन थांबतात.

तुमच्याकडे नेमका कोणता मळ आहे, यावर निम्मं उत्तर अवलंबून आहे. कालपरवा बसलेली कोरडी, भुरभुरीत धूळ असेल तर तिला पाण्याचा फवाराच काय, नुसता जोरदार वाराही बऱ्यापैकी हलवतो. पण रात्री दव पडतं, धुळीतले क्षार त्यात विरघळतात आणि सकाळी ऊन चढलं की तेच क्षार धुळीच्या कणांमध्ये पुन्हा घट्ट होतात. असं काही रात्री झालं की धूळ काचेला अक्षरशः चिकटवलेली असते. पक्ष्यांची विष्ठा हा तिसरा प्रकार. ती आधी भिजवावी लागते आणि मग घासावी लागते. शेजारी सिमेंटचा किंवा चुन्याचा कारखाना असेल तर हलका फवारा हा सगळ्यांत वाईट पर्याय. सिमेंटच्या धुळीला थोडंसंच पाणी मिळालं की ती घट्ट बसते. तिथे एकतर कोरडी झाडायची, नाहीतर भरपूर पाणी ओतून घासायची.

घासल्याशिवाय का जात नाही, याचं कारण समजून घ्या, म्हणजे नोझलवर वायफळ खर्च होणार नाही. कण काचेला जेवढ्या जोराने धरून बसतो, तो जोर ढोबळमानाने कणाच्या व्यासाच्या प्रमाणात असतो. वाहतं पाणी किंवा हवा त्याला जेवढ्या जोराने ढकलते, तो जोर मात्र व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणजे कण १० पट बारीक झाला तर त्याची पकड १० पटीने कमी होते, पण त्याला मिळणारा धक्का १०० पटीने कमी होतो. शिवाय काचेला अगदी लागून असलेल्या थरात प्रवाह जवळजवळ थांबलेलाच असतो आणि बारीक कण नेमके त्याच थरात दडलेले असतात. म्हणून फवारा मारल्यावर पॅनेल दुरून चकचकीत दिसतं, बोट फिरवलं की बोटाला पिठासारखी धूळ लागते. हीच बारीक धूळ जास्त नुकसान करते, कारण तेवढ्याच वजनाची भरड धूळ जेवढी काच झाकते त्यापेक्षा बारीक धूळ कितीतरी जास्त झाकते.

आता पाण्याचा हिशेब. ५५० वॅटची पॅनेलं धरली तर एका मेगावॅटला साधारण १,८०० पॅनेलं लागतात, आणि प्रत्येकाचं क्षेत्रफळ सुमारे २.६ चौरस मीटर. ब्रशशिवाय धुताना पॅनेलमागे २ लिटर पाणी धरलं, आणि हा हात राखून धरलेला आकडा आहे, तरी एका धुण्याला ३,६०० लिटर होतात. १६ लिटरच्या टाकीने त्याच्या २२५ फेऱ्या. उडणं, फवारणं, परत येणं, टाकी भरणं असं सगळं मिळून फेरीला ५ मिनिटं लागली तर १९ तासांच्या आसपास अखंड काम. पहाटेपासून ऊन तापेपर्यंत धुण्याला योग्य वेळ तीन-चार तासांची मिळते. म्हणजे एका मेगावॅटला एका ड्रोनचे पाच-सहा दिवस गेले.

शेतातल्या फवारणीशी तुलना केली की फरक लगेच लक्षात येईल. एकरी १० लिटर औषध फवारता तेव्हा चौरस मीटरला जेमतेम अडीच मिलिलिटर पडतं. पॅनेल धुताना तेवढ्याच जागेवर साडेसातशे मिलिलिटरच्या पुढे पाणी लागतं, म्हणजे सुमारे ३०० पट. कामाची गरजही उलटी आहे. फवारणीत थेंब बारीक हवेत, ते पानावर चिकटून राहायला हवेत. धुण्यात थेंब जाड हवेत आणि पाणी ओघळून खाली जायला हवं. फवारणीचं नोझल पॅनेलवर वापरलं तर बारीक थेंब धुळीला भिजवतात, पण वाहून नेत नाहीत. वाळल्यावर काचेवर चिखलाचे ठिपके उरतात. त्यामुळे "नोझल बदलून" एवढ्यावर भागत नाही. पंप आणि पाण्याचा वेगही बदलावा लागतो आणि टाकी मग दोन मिनिटांत रिकामी होते.

बॅटरीचं गणित त्या मानाने बरं निघतं. भरलेल्या टाकीसह ४० किलोचा ड्रोन आणि १.२ मीटर व्यासाचे चार पंखे धरू. हवेत स्थिर राहायला निव्वळ भौतिकशास्त्राच्या हिशेबाने २.४ किलोवॅट लागतात, पंख्यांची आणि मोटरची तूट धरून सव्वाचारच्या आसपास. दीड किलोवॅट-तासाची बॅटरी पूर्ण न रिकामी करता वापरली तर शांत हवेत पंधरा मिनिटं. वेग घेणं, थांबणं, वारा हे सगळं धरून एका बॅटरीत तीन फेऱ्या होतील असं समजा. २२५ फेऱ्यांना ७५ वेळा बॅटरी बदलावी लागेल आणि चार्जिंगला सुमारे ९० युनिट वीज. एक मेगावॅटचा प्लँट चांगल्या उन्हाच्या दिवसात चार-पाच हजार युनिट तयार करतो. तेव्हा वीज नगण्य आहे. खरा खर्च माणसांचा, वेळेचा आणि बॅटरीच्या आयुष्याचा.

इथे साहजिकच सुचतं की टाकी काढून टाकू आणि जमिनीवरच्या पंपातून पाइपने पाणी वर देऊ. उंच छपरांवर हे चालतं, मी स्वतः चालवलेलं आहे. पण पाइप पाण्याने भरलेला असतो हे विसरू नका. आतला व्यास १० मिलिमीटर असेल तर मीटरमागे ८० ग्रॅमच्या जवळपास पाणी, त्यात पाइपचं स्वतःचं वजन. २० मीटर उंचीला तीन-चार किलो लटकतात, म्हणजे फार नाही. मिनिटाला ८ लिटर वाहत असताना ५० मीटर पाइपमध्ये दोन बारहून थोडा जास्त दाब घर्षणात जातो आणि प्रत्येक १० मीटर चढाला आणखी एक बार. तेही पंप भरून काढतो. मला त्रास झाला तो पाइप घसटण्याचा. जमिनीवरच्या लांब रांगांत पाइप पॅनेलच्या कडांवरून ओढला जातो, क्लॅम्पमध्ये अडकतो, आणि त्याच्या खाली वाळू असेल तर काचेवरच्या परावर्तनरोधी लेपावर ओरखडे उठतात. अडकलेला पाइप ड्रोनला अचानक एका बाजूला खेचतो. पाइप धरून चालणारा एक माणूस ठेवावाच लागतो. तो माणूस तिथे चालू शकत असेल तर त्याच्या हातात लांब दांड्याचा ब्रश देणं जास्त शहाणपणाचं, असं माझं स्पष्ट मत आहे.

दाब वाढवून ब्रशची उणीव भरून काढता येईल का? काही प्रमाणात. पण फवाऱ्याचा उलटा धक्का ड्रोनला सोसावा लागतो. १०० बारला मिनिटाला १० लिटर सोडले तर पाणी सेकंदाला सुमारे १४० मीटर वेगाने सुटतं आणि ड्रोनवर २४ न्यूटनचा, म्हणजे जवळपास अडीच किलो वजनाएवढा धक्का येतो. ४० किलोच्या ड्रोनला हा सोसायला साडेतीन अंशांएवढं तिरकं राहणं पुरतं. सतत येणारा धक्का ड्रोनला स्थिर ठेवणारा कंट्रोलर सांभाळून घेतो. गडबड होते ती व्हॉल्व्ह उघडताना आणि बंद करताना, त्या क्षणी ड्रोन झोका खातो. लांस, म्हणजे फवाऱ्याची लांब नळी, ड्रोनच्या मध्यापासून दीड मीटर पुढे काढलेली असेल तर हाच धक्का त्याला फिरवायलाही बघतो. म्हणून व्हॉल्व्ह हळूहळू उघडणारा घ्या. टाकीवाला ड्रोन असेल तर टाकीत आडपडदे हवेतच, अर्धी रिकामी टाकी हिंदकळते आणि ते हिंदकळणं कंट्रोलरच्या दुरुस्तीशी जुळलं तर झोके वाढत जातात. आणि मुळात १०० बार काचेवर मारायचे का, हा प्रश्न उरतोच. पाण्याच्या दाबाची मर्यादा पॅनेल कंपनीच्या माहितीपुस्तिकेत असते आणि ती कंपनीगणिक वेगळी असते. ती ओलांडली तर वॉरंटीचा दावा अडचणीत येतो, शिवाय कडांच्या सीलमध्ये आणि जंक्शन बॉक्समध्ये पाणी शिरण्याचा धोका.

ड्रोनलाच ब्रश लावायचा विचार तुमच्या मनात येईल, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो. ब्रश काचेला टेकला की ड्रोनच्या पोझिशन कंट्रोलरला घर्षण कळत नाही. त्याला वाटतं वारा मागे ढकलतोय, म्हणून तो हळूहळू जास्त झुकत आणि जास्त जोर लावत जातो. मग ब्रश पॅनेलच्या कडेवरून सुटतो, साठलेला जोर एकदम मोकळा होतो आणि ड्रोन पुढे उसळतो. ओल्या आणि कोरड्या काचेवर घर्षण वेगळं, त्यामुळे एकाच पॅनेलवर ब्रश कधी अडतो, कधी घसरतो. लवचिक हात, त्यात बलमापक सेन्सर आणि दाब स्थिर ठेवणारं वेगळं नियंत्रण असेल तर हे जमू शकतं, पण तुमच्या फवारणी ड्रोनमध्ये यातलं काही नाही. आमच्या चाचणीत ब्रशची धातूची चौकट एका पॅनेलच्या कोपऱ्यावर आदळली आणि काच तडकली. त्यानंतर मी ब्रशवाला प्रयोग थांबवला.

आता सेन्सर. हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण शेतात हा प्रश्न कधी येत नाही आणि त्यामुळे अनुभवी पायलटही इथे फसतात. काचेपासून एक-दीड मीटरवर उडायचं तर उंची अचूक कळायला हवी. लेझरचा उंचीमापक किरण खाली सोडतो आणि परत आलेला प्रकाश मोजतो. २० अंश कललेल्या स्वच्छ काचेवर तो किरण आरशासारखा ४० अंशांनी दुसरीकडे निघून जातो. धूळ असेल तर ती प्रकाश चहूकडे विखुरते, थोडा परत येतो आणि उंची बरोबर दिसते. परिणाम असा की पॅनेल मळकं असेपर्यंत सगळं ठीक चालतं आणि जसजसं ते स्वच्छ होतं तसतसा सेन्सर आंधळा होत जातो. खालचं चित्र पाहून जागा ठरवणारा कॅमेरा काचेत ढगांचं आणि स्वतःचंच प्रतिबिंब बघतो. एकसारख्या निळ्या-काळ्या सेलच्या जाळीत त्याला एक पॅनेल दुसऱ्यापासून ओळखता येत नाही. अल्ट्रासॉनिक काच ओळखतो, पण पंख्यांच्या आवाजात आणि पाण्याच्या तुषारांत गोंधळतो. मिलिमीटर-वेव्ह रडार त्यातल्या त्यात विश्वासू. कंपासवर भिस्त ठेवू नका, खाली लोखंडी सांगाडे आणि डीसी केबलमधले प्रवाह असतात. दोन अँटेनांचं आरटीके, म्हणजे दुरुस्ती-संकेत वापरून जास्त अचूक केलेलं जीपीएस, घ्या, जागेचा अंदाज एक-दोन सेंटिमीटरपर्यंत मिळतो आणि दिशाही कंपासविना कळते. आमची पद्धत अशी ठरली: आधी प्लँटचा त्रिमितीय नकाशा करायचा, रांगेरांगेची उंची त्यातून घ्यायची, आणि प्रत्यक्ष उडताना रडार फक्त खात्रीसाठी ठेवायचा.

जमिनीलगतच्या हवेची उशी हा आणखी एक खेळ. पंख्याच्या व्यासाएवढ्या किंवा त्याहून कमी उंचीवर उडताना खालची हवा ड्रोनला थोडं वर उचलते. पॅनेलवर असताना उशी आहे, दोन रांगांमधल्या मोकळ्या जागेवर ती नाही, आणि कललेल्या काचेवर एका बाजूच्या पंख्यांखाली जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. रांग ओलांडताना ड्रोन दचकल्यासारखा खाली बसतो. म्हणून रांगेच्या लांबीने उडा, रांगा आडव्या कापत उडू नका.

तुमच्या भीतीबद्दल: वाऱ्याने काच फुटणार नाही. वरच्या हिशेबात धरलेल्या ड्रोनखाली हवा पंख्यांपाशी सेकंदाला ६ मीटर आणि खाली गेल्यावर साधारण १२ मीटर, म्हणजे ताशी ४३ किलोमीटर वेगाने येते. तिचा दाब ९० पास्कलच्या आसपास. पॅनेलची आयईसी ६१२१५ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे चाचणी होते तेव्हा त्याला किमान २,४०० पास्कल सोसावे लागतात. भीती धरायची ती ड्रोन पडण्याची. त्याच मानकातली गारपिटीची नेहमीची चाचणी २५ मिलिमीटरच्या बर्फाच्या गोळ्याने, सेकंदाला २३ मीटर वेगाने होते. त्या आघाताची ऊर्जा सुमारे २ ज्यूल. ४० किलोचा ड्रोन ५ मीटरवरून पडला तर १,९६० ज्यूल. त्याच्या खाली किती पॅनेलं तडकतील याचा अंदाज तुम्हीच करा. शिवाय सेलमध्ये वरून न दिसणाऱ्या बारीक भेगाही पडू शकतात.

या वाऱ्याचा खरा उपद्रव वेगळा आहे. तो जमिनीवरची धूळ उडवतो आणि नुकत्याच ओल्या केलेल्या रांगेवर आणून बसवतो. म्हणून वारा येतो त्या बाजूने सुरुवात करा आणि वाऱ्याच्या दिशेने पुढे सरका, म्हणजे उडालेली धूळ अजून न धुतलेल्या पॅनेलांवर पडेल. पहाटे दव असताना नुसता वारा मारून साफ करायचा मोह टाळा, धुळीचे ओघळ होतात आणि ते खालच्या कडेला जमून वाळतात. खालच्या कडेची ती पट्टी दिसते किरकोळ, पण लांब बाजू वर-खाली ठेवून बसवलेल्या पॅनेलमध्ये ती सेलच्या तिन्ही मालिकांची शेवटची ओळ झाकते, त्यामुळे तिचा फटका तिच्या रुंदीच्या मानाने खूप मोठा असतो. ब्रशवाला माणूस ती पट्टी शेवटी एका हाताने पुसून घेतो. फवाऱ्याच्या पाण्याला नेमकी तीच जागा साधत नाही, कारण सगळं घाण पाणी तिथेच येऊन थांबतं.

पाणी आणि सुरक्षिततेच्या दोन गोष्टी थोडक्यात. न पुसता धुता तेव्हा काचेवर राहिलेलं पाणी तिथेच आटतं आणि त्यातले क्षार मागे ठेवतं, म्हणून ड्रोनने धुण्याला हाताने धुण्यापेक्षाही मऊ पाणी लागतं, शक्य तर आरओचं. दुपारी ६०-६५ अंशांवर तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. आणि उजेड असेपर्यंत स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलांच्या माळेत, १,००० ते १,५०० व्होल्ट डीसी असतात, तडकलेल्या पॅनेलवर पाणी पडलं तर गळती प्रवाह सुरू होतो. धुण्याआधी तडकलेली पॅनेलं शोधून वेगळी ठेवा. हवेतून द्रव सोडायला बऱ्याच ठिकाणी वेगळी परवानगी लागते, तीही आधीच पाहा.

मग ड्रोन कुठे उपयोगी? जिथे माणूस उभा राहणंच धोक्याचं आहे तिथे. पत्र्याची जुनी छपरं, उंच वाहनतळांवरची पॅनेलं, पाण्यावर तरंगणारे प्लँट. अशा जागी अर्धवट सफाईही न केलेल्या सफाईपेक्षा बरी, आणि एक माणूस छपरावरून पडण्याचा धोका टळतो याची किंमत मी कुठल्याही हिशेबापेक्षा जास्त धरतो. जमिनीवरच्या मोठ्या प्लँटमध्ये मला दोन कामं पटली आहेत. एक, कोरड्या ब्रशचा हलका रोबो एका रांगेवरून उचलून दुसरीवर ठेवणं. यात घासण्याचं काम फ्रेमवर टेकलेलं यंत्र करतं आणि ड्रोन फक्त वाहतूक करतो. दुसरं, थर्मल कॅमेऱ्याने पाहणी. विष्ठेखालचे सेल गरम दिसतात, त्यांची यादी घेऊन माणूस नेमक्या त्याच पॅनेलांवर जातो.

तरीही तुमचा ड्रोन वापरून बघायचा असेल तर आधी दहा पॅनेलांवर एक चाचणी करा. शेजारशेजारची, सारखीच मळलेली पॅनेलं घ्या. पाच ड्रोनने धुवा, पाच मऊ ब्रशने आणि पाण्याने हाताने. वाळू द्या, स्वच्छ उन्हात काही मिनिटांच्या अंतराने प्रत्येकाचा शॉर्ट-सर्किट करंट, म्हणजे पॅनेलची दोन टोकं थेट जोडल्यावर वाहणारा प्रवाह, मोजा. हे मोजमाप योग्य मीटर आणि साधनं असलेल्या प्रशिक्षित इलेक्ट्रिशियनकडूनच, पॅनेल स्ट्रिंगपासून वेगळं करून घ्या. समजा मळाने ८ टक्के वीज जात होती, हाताने धुतल्यावर अर्धा टक्का तूट उरली आणि ड्रोननंतर तीन टक्के. तो अडीच टक्क्यांचा फरक पुढच्या खऱ्या धुण्यापर्यंत रोज तुमच्या उत्पादनातून जात राहतो, त्याची रक्कम ड्रोनने वाचवलेल्या मजुरीशेजारी लिहा. आणि हीच चाचणी पंधरा दिवस दव खाल्लेल्या पॅनेलांवर पुन्हा करा, कारण पहिल्या दिवशीच्या भुरभुरीत धुळीवर कोणताही ड्रोन पास होतो.